भाग २३ : ट्रामगाड्या आणि पत्र्याचं छप्पर

आपण इथे लढाया केल्या, बुडालेली जहाजं केली, बंद पडलेले टाइपरायटर केले. आज विषय जरा विचित्र वाटेल. आज मी तुम्हाला पत्र्याच्या छपराचा इतिहास सांगणार आहे. थांबा, लगेच पुढच्या भागावर जाऊ नका. त्या छपराखाली शंभर-सव्वाशे वर्षांच्या ट्राम आणि रेल्वेचे डबे उभे आहेत, आणि त्यांच्यापर्यंत मी एका खिडकीच्या फ्रेममुळे पोहोचलो.

मी शिकागोच्या एका उपनगरात राहतो. आठवडाभर लॅपटॉपसमोर, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला जुना कोड दुरुस्त करत. एका हिवाळ्यात अगदीच कंटाळा आला आणि कुणीतरी सांगितलं म्हणून युनियन नावाच्या गावी गेलो. शिकागोपासून गाडीने साधारण सव्वा-दीड तास. गाव म्हणजे मक्याची शेतं आणि त्यात चार रस्ते, वस्ती हजारसुद्धा नाही. पण गावाच्या कडेला इलिनॉय रेल्वे म्युझियम आहे. ४५०च्या वर डबे, इंजिनं, ट्राम आणि ट्रॉलीबस. स्वतःची काही मैलांची रेल्वेलाइन, डोक्यावर ६०० व्होल्टची तार. आणि हे सगळं चालवणारे बहुतेक लोक पगार न घेता काम करतात. शनिवारी येतात, डबा उघडून जेवतात, संध्याकाळी हात काळे करून घरी जातात.

स्वयंसेवक म्हणून नाव दिलं तेव्हा माझ्या डोक्यात चित्र काय होतं? टोपी घालून ट्राम चालवतोय, घंटा वाजवतोय, इन्स्टावर रील. पहिल्या दिवशी मला दिलं काय, तर मास्क, हातमोजे, एक खरवडणी आणि एक लाकडी खिडकीची फ्रेम. मास्क का, तर जुन्या रंगात शिसं असतं, ते नाकात जाऊ द्यायचं नाही. फ्रेमवर रंगाचे इतके थर होते की कोपऱ्यातला सांधा दिसतच नव्हता. हिरवा, खाली लाल, खाली पुन्हा हिरवा, मग तपकिरी, आणि सगळ्यात खाली वॉर्निशखालचं मूळ लाकूड. दिवसभरात माझी अर्धी फ्रेम झाली. अशा फ्रेम त्या एका डब्याला डझनांनी.

दुपारी जेवताना एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाला मी विचारलं, काका, हा डबा पूर्ण व्हायला किती वर्षं लागतील? (मराठी कळत नाही त्यांना, पण मी मनातल्या मनात सगळ्यांना काकाच म्हणतो.) ते म्हणाले, त्याची घाई नाही, डबा आता आत आहे. मला तेव्हा कळलंच नाही. ‘आत आहे’ म्हणजे काय? सगळ्या भागाचं मूळ या दोन शब्दांत आहे. पण त्याआधी थोडं मागे जाऊ.

१९०७ साल. ७ मे रोजी मुंबईत पहिली विजेची ट्राम धावली. त्याआधी १८७४पासून घोड्यांची ट्राम होतीच. आणि त्याच १९०७मध्ये तिकडे इलिनॉयमध्ये एल्जिन आणि बेल्व्हिडेर या दोन गावांच्या मधे एक विजेची लाइन सुरू झाली. बायन अर्नोल्ड नावाच्या एका नामवंत इलेक्ट्रिकल इंजिनिअरने ती उभी केली. अशा लाइनला तिकडे ‘इंटरअर्बन’ म्हणायचे. ट्रामची मोठी बहीण समजा. गावात असली की रस्त्यातून शिस्तीत चालायची, गावाबाहेर पडली की शेतातून स्वतःच्या रुळांवर सुसाट. दूध, वर्तमानपत्रं, शाळेची मुलं, शनिवारी शहरात सिनेमाला जाणारी जोडपी, सगळे तिच्यातून. मोटारी आल्या, पक्के रस्ते झाले आणि या लाइन एकेक करत मेल्या. एल्जिन-बेल्व्हिडेर १९३०मध्येच बंद. रूळ उखडले, रिकामी पट्टी तेवढी शेतांच्या मधून पडून राहिली. ती पट्टी लक्षात ठेवा.

मरायच्या आधी यातल्या काही कंपन्यांनी जोरदार झुंज दिली. ओहायोतल्या सिनसिनाटी अँड लेक एरी कंपनीने १९३०मध्ये ‘रेड डेव्हिल’ नावाच्या हलक्या, वेगवान गाड्या आणल्या आणि जाहिरातीसाठी त्यातल्या एका गाडीची चक्क विमानाशी शर्यत लावली. गाडी जिंकली, असं दाखवलंही. त्या गाड्या बघून शेजारच्या इंडियाना रेलरोडने १९३१मध्ये तशाच ३५ वेगवान गाड्या बनवून घेतल्या, अॅल्युमिनियमचा सढळ वापर करून. त्यातली एक म्हणजे नंबर ६५, पुलमन कंपनीने बांधलेली. १९४१मध्ये इंडियाना रेलरोडचा तो कारभार आटोपला. बाकीच्यांपैकी बऱ्याच गाड्या भंगारात. ६५ मात्र आयोवात सीडर रॅपिड्स आणि आयोवा सिटीच्या मधे धावणाऱ्या एका छोट्या कंपनीने घेतली. तिथे तिने आणखी बारा वर्षं काढली. १९५३च्या मे महिन्यात त्या लाइननेही प्रवासी वाहतूक बंद केली.

आता भंगार म्हणजे काय, हे सांगायला हवं, नाहीतर यातली धग कळणार नाही. लाकडी ट्राम भंगारात काढायची सोपी पद्धत होती : पेटवून द्यायची. लाकूड जळून गेलं की राखेतून पितळ, तांबं, लोखंड वेचायचं. जुने फोटो पाहिलेत मी, रांगेत उभ्या ट्राम जळतायत आणि बाजूला माणसं हाताची घडी घालून उभी आहेत. काही डब्यांचं नशीब बरं. चाकं आणि मोटरी काढून नुसती पेटी शेतकऱ्याला विकायची. त्याचं मग कोंबड्यांचं खुराडं व्हायचं, नाहीतर तळ्याकाठी सुट्टीतलं घर, नाहीतर रस्त्याकडेची खाणावळ. आज म्युझियममध्ये ज्या लाकडी ट्राम दिसतात त्यातल्या कितीतरी अशा खुराड्यांतून परत आलेल्या आहेत.

तर १९५३मध्ये दहा जणांनी प्रत्येकी १०० डॉलर काढले आणि ६५ नंबर विकत घेतली. दहा माणसं, हजार डॉलर. ना सरकारी योजना, ना कुणी शेठ. बरं, गाडी घेतली खरी, पण ठेवायची कुठे? रेल्वेचा डबा काही सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावता येत नाही. त्याला रूळ लागतात. नॉर्थ शिकागोतल्या एका फाउंड्रीने आपल्या आवारात जागा दिली आणि तिथे म्युझियम सुरू झालं. मागोमाग आणखी गाड्या यायला लागल्या, कारण आजूबाजूला कंपन्या पटापट बंद होत होत्या.

त्यातली एक बंद तर अशी की आज ट्विटरवर आठवडाभर ट्रेंड झाली असती. शिकागो-अरोरा-अँड-एल्जिन नावाची कंपनी पश्चिमेच्या उपनगरांतून थेट शहराच्या मध्यभागी गाड्या आणायची. पण शहराने नवा एक्सप्रेसवे बांधायला घेतला, त्यात हिच्या गाड्या ज्या उन्नत मार्गावरून शहरात शिरायच्या तो मार्ग पाडायचा होता. १९५३पासून हिच्या गाड्या शहराबाहेर फॉरेस्ट पार्कलाच थांबायला लागल्या. तिथून गाडी बदला. विचार करा, कल्याणची फास्ट उद्यापासून कुर्ल्यालाच थांबणार म्हटल्यावर काय होईल. माणसं मोटारी घ्यायला लागली. शेवटी ३ जुलै १९५७ला कोर्टाने प्रवासी सेवा बंद करायला परवानगी दिली आणि कंपनीने त्याच दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, गाड्या थांबवल्या. सकाळी जे याच गाडीने कामावर गेले होते ते संध्याकाळी स्टेशनवर आले तर गाडीच नाही. हजारो लोक. घरी कसं जायचं ते ज्याचं त्याने बघा.

डबे व्हीटनच्या यार्डात उभे राहिले. एक-दोन महिने नाही, काही वर्षं. अधिकृतपणे कंपनी मोडीत निघाली १९६१मध्ये, आणि मग ठरावीक मुदतीत जे नेता येईल ते न्या, बाकीचं भंगारात. तेव्हाच्या स्वयंसेवकांच्या वयाचा विचार करतो मी. माझ्याच वयाची पोरं होती बरीचशी. पगार बेताचा, त्यातून डबा विकत घ्यायचा, आणि डब्याच्या किमतीपेक्षा तो हलवायचा खर्च जास्त.

जानेवारी १९६३मध्ये नॉर्थ शोअर लाइन गेली. शिकागो ते मिलवॉकी, या सगळ्यांतली मानाची लाइन. शेवटची गाडी २१ जानेवारीच्या पहाटे, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. तिच्याकडे ‘इलेक्ट्रोलायनर’ नावाच्या दोन देखण्या गाड्या होत्या, १९४१च्या. आत छोटासा बार आणि तिथे मिळणारा ‘इलेक्ट्रोबर्गर’. नाव हसण्यासारखं आहे, पण जुने प्रवासी अजून त्याची चव सांगतात. त्या दोन्ही गाड्या फिलाडेल्फियाच्या एका कंपनीने घेतल्या, रंग बदलला, नाव ‘लिबर्टी लायनर’ ठेवलं आणि पुढे पंधराएक वर्षं चालवल्या. नंतर एक पेनसिल्व्हेनियातल्या रॉकहिलच्या म्युझियममध्ये गेली, आणि दुसरी परत इलिनॉयला, युनियनला.

आता १९६४. आमच्या घरात हे साल वेगळ्या कारणाने माहीत आहे. ३१ मार्च १९६४ला मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. आजोबा तेव्हा बावीस वर्षांचे, परळला गिरणीत बदली कामगार. आणि त्याच वर्षी इकडे नॉर्थ शिकागोच्या फाउंड्रीतली जागा अपुरी पडली म्हणून म्युझियमवाल्यांनी आपला जमलेला सगळा संग्रह उचलून युनियनला आणला. तुम्हाला ती शेतातली रिकामी पट्टी आठवते? एल्जिन-बेल्व्हिडेरची, १९३०मध्ये बंद पडलेली? तीच. ३४ वर्षं पडीक राहिलेल्या त्या पट्टीवर या मंडळींनी हाताने स्लीपर टाकले, रूळ ठोकले आणि आपल्या गाड्या आणून उभ्या केल्या. मुंबईने ज्या वर्षी ट्रामला निरोप दिला, त्याच वर्षी या लोकांनी मक्याच्या शेतात ट्रामसाठी नवी लाइन टाकायला घेतली. दोन्हीचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, ठाऊक आहे मला. पण त्या रात्री हे वाचल्यावर मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो होतो.

गाड्या आल्या, पण उघड्यावर. आणि इथे खरी गोष्ट सुरू होते.

जुन्या लाकडी डब्याचं छप्पर कसं असतं सांगतो. एकमेकांत खाच बसवलेल्या फळ्या, त्यावर जाड कॅनव्हास ताणून कडेने बारीक चुका मारलेल्या, आणि त्या कॅनव्हासवर रंगाचे जाड थर. बस. तो रंग म्हणजेच वॉटरप्रूफिंग. डबा रोज धावत होता तेव्हा कारखान्यात ठरावीक वेळाने छप्पर तपासलं जायचं, रंग मारला जायचा. डबा उभा राहिला की ते थांबतं. उन्हाने रंगाला भेगा पडतात. भेगेतून पाणी कॅनव्हासखाली जातं आणि तिथून बाहेर पडायला त्याला वाट नसते. फळ्या ओल्या राहतात, कुजतात. मग पाणी खिडक्यांमधल्या खांबांवरून खाली उतरतं आणि डब्याच्या तळाच्या लांब तुळईत जाऊन बसतं. ती तुळई म्हणजे डब्याचा कणा. आणि इलिनॉयची थंडी ही आपल्या महाबळेश्वरची थंडी नव्हे. सांध्यात शिरलेलं पाणी गोठतं, गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, सांधा उघडतं. दुपारी वितळतं, आणखी आत जातं. रात्री पुन्हा गोठतं. एका हिवाळ्यात हे कितीदा होतं मोजा. वरून बघाल तर डबा धडधाकट. खालून स्क्रू-ड्रायव्हर टोचाल तर भिजलेल्या बिस्किटात शिरावा तसा आत जातो.

लोखंडी डबा असेल तर वाचला असं नाही. त्याचा शत्रू खिडकीखालची पट्टी. पाणी तिथून पत्र्याच्या आत उतरतं, तळाशी साठतं आणि आतून गंज धरतं. बाहेरून रंगाला फोड दिसायला लागतो तोवर आत चाळण झालेली असते.

ताडपत्री टाकली तर? मीही हेच विचारलं होतं. आपण पावसाळ्यात सगळ्यावर ताडपत्रीच टाकतो ना. पण ताडपत्री वाऱ्याने फडफडते, तिच्या कडा रंग खरवडतात, आणि खाली दमट हवा कोंडून राहते. काही महिन्यांचा तो इलाज, वीस वर्षांचा नव्हे.

म्हणून छप्पर. लांबच लांब पत्र्याच्या शेडा, आत समांतर रूळ, त्यावर डब्याला डबा लावून रांगा. आत हीटर नाही, चकचकीत फरशी नाही. फक्त कोरडं, आणि हवा खेळती. ‘डबा आत आहे’ म्हणजे हे. आत आला की घड्याळ जवळजवळ थांबतं. मग दुरुस्तीला दहा वर्षं लागोत की तीस, डबा वाट बघू शकतो. बाहेर असला तर दरवर्षी तुम्ही जेवढं दुरुस्त करता त्याहून जास्त पाऊस खाऊन टाकतो. मला हे एकदम समजलं ते माझ्या कामामुळे. आमच्याकडेही नवीन फीचर सगळ्यांना हवं असतं, बॅकअपसाठी पैसे मागितले की मीटिंगमध्ये शांतता.

देणग्यांचंही तसंच. ‘इलेक्ट्रोलायनर पुन्हा धावती करायची आहे’ म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात, आणि चमकायलाच हवेत, त्या गाडीवर वर्षानुवर्षं मेहनत चालली आहे. पण ‘एक शेड बांधायची आहे, करड्या पत्र्याची, आतमध्ये अंधार असेल’ याच्यासोबत सेल्फी कोण काढणार? तरी युनियनमध्ये एकेक करत शेडा उभ्या राहत गेल्या आणि आज दहाहून जास्त आहेत. माझा इंजिनिअरी हिशेब ऐका. ४५० वाहनं, सरासरी ५० फूट धरलं तरी २२,५०० फूट, म्हणजे जवळजवळ सात किलोमीटर रूळ नुसते उभं राहण्यासाठी. तेवढ्यावर छप्पर. आजही काही वाहनं बाहेर आहेतच, आणि शनिवारी त्यांच्या शेजारून चालत जाताना मी उगाच आभाळाकडे बघतो.

छप्पर म्हणजे सगळं झालं असंही नाही हां. मेरीलँडमध्ये नॅशनल कॅपिटल ट्रॉली म्युझियम आहे, तिथल्या एका शेडला २००३मध्ये आग लागली आणि आठ ट्राम एकत्र जळाल्या. एकत्र ठेवल्या म्हणून वाचल्या होत्या, एकत्र ठेवल्या म्हणून गेल्या. कनेटिकटमधल्या ईस्ट हेवनच्या ट्रॉली म्युझियममध्ये २०११ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन वर्षी वादळाचं पाणी शेडांत शिरलं. खाऱ्या पाण्याने मोटरी बुडाल्या. त्यानंतर त्यांनी उंचावर नव्या शेडा बांधल्या. २६ जुलै पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

आणि कधी कधी म्युझियमच मरतं. ओहायोत जेराल्ड ब्रुकिन्स नावाचे गृहस्थ होते, चाकांवरच्या घरांची एक मोठी वसाहत त्यांच्या मालकीची. त्यांनी ट्राम जमवल्या आणि वसाहतीतच लाइन टाकली, रहिवासी दुकानात जायला ट्रामने जायचे! ट्रॉलीव्हिल त्याचं नाव. शिकागो-अरोरा-अँड-एल्जिनच्या यार्डातून काही डबे १९६२मध्ये त्यांनीच उचलले. त्यांच्यानंतर काही वर्षांनी ते बंद झालं, गाड्या क्लीव्हलँडला गेल्या, तिथे तळ्याकाठी ट्राम चालवायचा बेत होता, तो जमला नाही, आणि २००९मध्ये लिलाव. तेव्हा अनेक म्युझियम एकमेकांशी बोलली आणि गाड्या वाटून घेतल्या. त्यातली ३६ नंबरची गाडी युनियनला आली. १९०२ची लाकडी गाडी. ५५ वर्षं प्रवासी वाहिले, एकदा कंपनी गेली, एकदा म्युझियम गेलं, आणि ती आज परत इलिनॉयमध्ये धावते. मी तिच्यातून बसून गेलोय. खिडकीचं लाकूड हाताला गुळगुळीत लागतं, आणि खरवडण्याचं काम केलेलं असलं की लगेच कळतं, इथे कुणीतरी खूप शनिवार घालवलेत.

या सगळ्यात एक गोष्ट मला सुरुवातीला पटत नव्हती. म्युझियममध्ये काही डबे असे आहेत की ते कधीच दुरुस्त होणार नाहीत. त्यांचे भाग दुसऱ्याला लावतात. दार काढ, ब्रेकचा सिलिंडर काढ, मोटर काढ. मला वाटायचं, हे काय, वाचवायला आणलंत आणि कापताय? एकदा मी बोललोही तसं. उत्तर असं मिळालं की दोन्ही अर्धे ठेवले तर एकही राहत नाही. मी गप्प बसलो. अजूनही पूर्ण पटलेलं नाही, खरं सांगतो. कोणता ठेवायचा हे ठरवणारा माणूस मी नाही, याचं बरं वाटतं.

दुसरी काळजी माणसांची. जुन्या ट्रामचा कंट्रोलर एका काकांनी मला उघडून दाखवला. पितळी दांडा एकेक खाच फिरवायचा. सुरुवातीला मोटरी एकामागून एक जोडलेल्या, म्हणजे ६०० व्होल्ट दोघींत वाटले जातात, आणि मधे रेझिस्टन्स, म्हणून गाडी धक्का न देता निघते. खाच पुढे गेली की रेझिस्टन्स एकेक करून कमी. मग मोटरी शेजारी-शेजारी जोडल्या जातात, प्रत्येकीला पूर्ण ६०० मिळतात आणि गाडी पळते. आपल्या मुंबईच्या जुन्या डीसी लोकल १५०० व्होल्टवर याच तत्त्वावर निघायच्या. त्या निघतानाचा तो पायरी-पायरीने वाढणारा आवाज आठवतोय का? तोच. हे सगळं त्या काकांच्या हातात आहे, पुस्तकात थोडं आहे. काका पंच्याहत्तरीचे. आता मी आणि माझ्या वयाची दोन पोरं प्रत्येक काम करताना व्हिडिओ काढतो, भागांना नंबर देतो, फोटोंची फोल्डर करतो. तेवढं तरी आम्हाला येतं.

आता आजोबांकडे येतो. एका शनिवारी सकाळी मी ट्राममध्ये बसून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ. मला वाटलं ते भावूक होतील, मी रेकॉर्डिंगपण चालू ठेवलं होतं. ते म्हणाले, “अरे, ट्राम कसली सांगतोस, किती हळू चालायची. चालत्या ट्राममधून उतरून आम्ही दादर टीटीला पोहोचायचो, ती मागून यायची.” तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे की दादर टीटी म्हणजे दादर ट्राम टर्मिनस? ट्राम जाऊन साठ वर्षं झाली, बसचे कंडक्टर अजून टीटीच म्हणतात.

मी विचारलं, शेवटच्या दिवशी बघायला गेला होतात का? “नाही. सेकंड शिफ्ट होती. आणि बस आली होती ना, बस बरी. ठेवायची काय असते रे ट्राम?” त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण झोपत होते, त्या शहरात कुणी म्हणावं की एका ट्रामला छप्पर द्या? आणि अमेरिकेतसुद्धा हजारो ट्राम जळाल्याच की. तिथे फक्त दहा जण निघाले आणि त्यांना एक आवार मिळालं.

मग थोडं थांबून आजोबांनीच विचारलं, “आमची एखादी ठेवली का कुणी?”

मी त्यांना सांगितलं की सीएसएमटीच्या समोर भाटिया बागेत काही वर्षांपूर्वी एक ट्राम ठेवली आहे, ती कलकत्त्याहून आणलेली आहे. ते हसले. “कलकत्त्याची? बोरीबंदरला?” मग म्हणाले, एकदा दाखव मला नेऊन. पुढच्या डिसेंबरमध्ये मी येतोय, तेव्हा आम्ही दोघं जाणार आहोत. ती उघड्यावर आहे का, छपराखाली, हे मी आधी बघणार आहे, मग फोटो काढणार.

कॉल ठेवायच्या आधी मी त्यांना माझी फ्रेम दाखवली. खरवडून झाली होती, पॉलिश पेपर मारून झाला होता, प्रायमर बाकी होता. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “खालच्या कोपऱ्यात लांबी भर आधी. तिथूनच पाणी शिरतं.” आजोबांनी गिरणीच्या आधी दोन वर्षं सुताराकडे काम केलं होतं, हे मला सत्तावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

फ्रेमचा तो कोपरा मी परत उघडला. पुढच्या शनिवारी भरतोय. तोवर तुमच्या घरात कुणी मुंबईच्या ट्राममध्ये बसलेलं असेल तर त्यांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटूच.